ती चौदा वर्षं त्याच वर्गात आहे

परवा मधल्या सुट्टीत आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "काय करणार, कृष्णवर्णीय शिक्षक मिळतच नाहीत." समोर माझी सहकारी संत्रं सोलत बसली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

मी फिलाडेल्फियात एका सरकारी शाळेत वर्गमदतनीस आहे, दोन वर्षं झाली. तिला चौदा झाली. ती कृष्णवर्णीय. त्याच दिवशी सकाळी एक पोरगं रुसून टेबलाखाली जाऊन बसलं होतं. बाईंनी आधी समजावलं, मग दटावलं. ही सरळ खाली फतकल मारून बसली आणि पुस्तक उघडून वाचायला लागली, मुद्दाम चुकीचं. तिसऱ्या चुकीला टेबलाखालून आवाज आला, "तसं नाहीये ते!"

मग ही शिक्षिका का नाही? शिक्षकाच्या प्रशिक्षणात शेवटचे तीनेक महिने पूर्णवेळ सराव पाठ, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. म्हणजे हातची नोकरी सोडायची. तोवर घरभाडं कोण भरणार? वर परीक्षांच्या फिया. आमच्या पेन्सिल्व्हेनिया राज्याने २०२४ मध्ये सराव करणाऱ्यांना १०,००० डॉलर द्यायला सुरुवात केली, तर पैसे होते त्याच्या कितीतरी पट अर्ज आले. आणि म्हणे मिळत नाहीत!

होते तेव्हा काय केलं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राऊन निकालाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. काळी मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली, काळ्यांच्या शाळांना टाळं लागलं, शिक्षकांना मात्र कुणी बोलावलं नाही. पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेत नि आसपास सुमारे ३८,००० शिक्षक-मुख्याध्यापक घरी बसले, असा अंदाज आहे. आज सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं १५ टक्क्यांच्या आसपास, शिक्षक ६-७ टक्के. टेनेसीतल्या मुलांचा एक अभ्यास सांगतो की तिसरीपर्यंत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तरी कृष्णवर्णीय मुलांची कॉलेजात जाण्याची शक्यता १३ टक्क्यांनी वाढते.

एप्रिलमध्ये फुल्यांच्या फोटोला हार घालणारे इथले काही मराठी मित्र अशा विषयावर लगेच "मग मेरिटचं काय?" विचारतात. त्यांच्यासाठी: १८८२ साली जोतीरावांनी शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत. शेतकरी वर्गातलेच शिक्षक प्रशिक्षण देऊन तयार करा, वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरतील असे. आणि पगार बारा रुपयांच्या खाली नको. मला तो बारा रुपयांचा मुद्दा फार आवडतो. नुसतं "या, शिक्षक व्हा" म्हणून पोट भरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दक्षिण कॅरोलायनात क्लेमसन विद्यापीठाचा 'कॉल मी मिस्टर' कार्यक्रम २००० पासून हेच करतोय: शिक्षक होऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना फीला हातभार आणि सोबतीला आपल्यासारख्यांची तुकडी. केंद्र सरकारने मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची ६० कोटी डॉलरहून जास्त अनुदानं कापली, "फूट पाडणारी विचारसरणी" म्हणून.

माझ्या सहकारीने यंदा शिक्षक होण्यासाठी अर्ज केलाय. उत्तर आलेलं नाही. घंटा झाली तशी तिने साली गोळा केल्या नि उठली. टेबलाखालचा तो पुस्तक घेऊन दारात उभाच होता.