अल्बमचं पहिलं पान: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मामा,

लग्नघरात सगळे तुम्हाला मामा म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हणतो. तुमचा एक स्टार आणि त्याखालचं सगळं नीट वाचलं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: अल्बमच्या पहिल्याच पानावर नवरीच्या आईचा हळदीतला फोटो आहे, त्या विधवा असताना हे अशुभ, आणि त्यावरून पाहुण्यांत चर्चा झाली. तो फोटो काळपट आहे. मानाच्या पाहुण्यांना अल्बममध्ये जागा नाही. ड्रोन उडवला नाही. आणि शेवटी, "रजिस्टर लग्नांचे फोटो काढणाऱ्याला आपल्या रीतीभाती काय कळणार?" तुम्ही जाहीर लिहिलंत म्हणून उत्तरही जाहीर देतोय. नवरा-नवरीला आणि नवरीच्या आईंना विचारलं, त्यांनी हो म्हटलं, मगच लिहायला बसलो. नाव कुणाचंच घेणार नाही.

ड्रोनचं आधी उरकतो. मंगल कार्यालय बेळगावच्या सांबरा रोडला, विमानतळाच्या जवळ, आणि तिथंच हवाई दलाचं केंद्र. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन वर नेता येत नाही. हे ऑर्डर घेतानाच सांगितलं होतं आणि पावतीवरही लिहिलंय. दुसरं कोणी उडवत असेल, आम्ही उडवणार नाही.

पाहुण्यांचं. अक्षता पडल्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत स्टेजपुढची रांग तुटली नव्हती, आणि माझ्या हाताखालचा एक मुलगा तेवढा सगळा वेळ तिथून हलला नाही. ते सगळे फोटो पेन ड्राइव्हमध्ये 'स्टेज' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. तुमचे, तुमच्या ऑफिसच्या साहेबांबरोबरचेही आहेत, चांगले आलेत. अल्बममध्ये पानं मोजकीच बसतात आणि त्यात काय घ्यायचं हे नवरा-नवरी ठरवतात. दोघं दुकानात बसून सिलेक्शन करून गेले, पानांचा क्रमही त्यांनीच लावला. मी फक्त विचारतो, पहिलं पान कुठलं?

रीतीभातींचं मात्र मनाला लागलं. बेळगावात हा धंदा करायचा तर एका रीतीवर भागत नाही. मराठ्यांच्या घरी देवक कधी बसतं, घाणा कधी भरतात, लाजाहोमाला नवरीचा भाऊ कुठं उभा राहतो, कानपिळीचा क्षण किती पटकन निसटतो, हे पाठ असावं लागतं. लिंगायतांच्या बऱ्याच लग्नांत होम नसतो, विधी जंगम स्वामी करतात. जैनांची रीत आणखी निराळी. एका कार्यालयात "इकडं बघा" म्हणायचं, दुसऱ्यात "इल्ली नोडरी". हे सगळं शिकलो, आणि अजून कुठल्या घरी नवी रीत दिसली तर तिथल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारून घेतो.

पण फोटो कुठं मिळतो हे मला जास्त करून शिकवलं ते ज्या लग्नांना तुम्ही नावं ठेवलीत त्यांनीच. नेहमीच्या लग्नात "शुभमंगल सावधान" ऐकू आलं की बोट शटरवर जातं. आंतरपाट खाली येणार हे ठाऊक असतं. जिथं काहीच ठरलेलं नाही तिथं माणसं काय बोलतायत ते ऐकत राहावं लागतं. नाहीतर हात हलवत परत यायची वेळ येते.

निपाणीकडच्या एका गावात सत्यशोधक पद्धतीचं लग्न होतं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं असं पहिलं लग्न पुण्यात २५ डिसेंबर १८७३ ला लावलं, आणि आपल्या भागात काही घरांनी ती रीत अजून धरून ठेवलीय. लग्न लावायला नवरीची आत्या उभी होती. अक्षतांच्या जागी झेंडूच्या पाकळ्या वाटल्या होत्या. मंगलाष्टकं भटजींनी म्हणायची नव्हती, नवरा-नवरीनं एकमेकांना म्हणायची होती. नवऱ्याला मधेच एक ओळ आठवेना. नवरीनं ती ओठातल्या ओठात सांगितली, त्यानं ती मोठ्यानं म्हटली आणि सगळा मांडव हसला. तो फोटो आजही दुकानाच्या काचेत लावलाय.

दुसरं लग्न फौजेतल्या मुलाचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच बेळगावात, खानापूरकडच्या गावागावांतून मुलं सैन्यात आहेत, त्यामुळं रजा आणि मुहूर्त यांची ओढाताण आम्हाला नवी नाही. याची रजा मधेच तोडली. पत्रिका वाटून झालेल्या, मुहूर्त पुढचा. घरच्यांनी गावातल्या देवळात सकाळी माळा घालायच्या ठरवल्या, जमतील तेवढे पाहुणे, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा गाडीत. लग्नाच्या संध्याकाळी त्याची काळी लोखंडी पेटी ओसरीवर काढली होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. कुणीतरी मुंडावळ्या सोडून त्या पेटीवरच ठेवल्या होत्या. नवरीनं अल्बमच्या पहिल्या पानाला तोच फोटो निवडला. सासऱ्यांनी विचारलं, आधी देवाचा नको का? ती म्हणाली, देव दुसऱ्या पानावर लावा, देवाला राग यायचा नाही. सासऱ्यांनी मान हलवली. मी लावला.

आणि रजिस्टर लग्न. बेळगावातलंच, मुलगी मराठी, मुलगा लिंगायत, दोन्ही घरं नाराज. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावली जाते आणि ३० दिवस थांबावं लागतं. त्या ३० दिवसांत कुणीही येऊन नावं वाचतं, कुणीतरी घरी फोन करतं. हे ज्यांनी काढलंय त्यांनाच माहीत. लग्नाच्या दिवशी त्या खोलीत एक ट्यूबलाइट, भिंतीला फायलींच्या थप्प्या आणि कॅमेरा घेऊन मागं सरकायला जागा नाही. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र आले होते, तिसरा ऐन वेळी आलाच नाही. टेबलामागचे साहेब घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला, नवरीचा थोरला भाऊ. नोटीस लागल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. आत आला, खिशातून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "सही कुठं करायची?"

मग दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारल्याचं वाक्य म्हटलं. ती मराठीत, तो कन्नडात. दोघांना कळणाऱ्या कुठल्याही भाषेत म्हणा, असं कायदाच सांगतो. पण खरा फोटो त्याच्या आधीचा आहे. भाऊ वाकून सही करतोय, पेन बोटांत धड बसत नाहीय, आणि नवरी नवऱ्याकडं न बघता त्या सहीकडं बघतेय. मामा, त्या खोलीत हळद नव्हती, वाजंत्री नव्हती, पंगत नव्हती. तरीही ते लग्नच होतं, आणि असं लग्न मिळालं तर मी पुन्हा जाईन.

आता तुमचा मुख्य मुद्दा. हळदीच्या सकाळी मी जुन्या घरात होतो, कार्यालयात नाही. नवरी पाटावर बसलेली, पाच सुवासिनी आंब्याच्या पानानं हळद लावत होत्या, गाणं चाललं होतं. आई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या होत्या, उंबऱ्याच्या आत. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं, त्या स्वतःच पुढं येत नव्हत्या. नवरी मधेच उठली. ओल्या हळदीच्या पावलांनी चौकटीपर्यंत गेली, आईचा उजवा हात धरला, वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर टेकवला. त्या अंगठ्यावर विळीचे बारीक काळे चरे होते, त्यात हळद भरली. आई "अगं, नको" म्हणाल्या, पण हात मागं घेतला नाही.

फोटो काळपट का, ते यातच आलं. उजेड होता तो फक्त परसदाराचा, आईच्या पाठीमागून येणारा. फ्लॅश माझ्या बॅगेत होता. मी मारला असता तर सगळ्या बायकांच्या माना एकदम तिकडं वळल्या असत्या आणि तो हात तिथून निघाला असता. म्हणून ३५ ची लेन्स लावली, होता त्या उजेडात दोनदा बटण दाबलं आणि बाजूला झालो. अल्बम छापताना तो फोटो उजळवता आला असता. नवरी म्हणाली, आहे तसा ठेवा.

तुम्ही याला अशुभ म्हटलंत. तुम्ही वयानं मोठे, घरातल्या जुन्या माणसांकडून जे ऐकत आलात तेच बोललात, त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण मी हे मानत नाही आणि मानणारही नाही. कार्यालयाचा ॲडव्हान्स त्या बाईंनी भरला, साड्या त्यांनी घेतल्या, रुखवत त्यांनी रात्री जागून केलं. माझ्या पावतीवर सही त्यांची आहे. लेकीच्या गालाला हळद लावायला मग दुसऱ्या कुणाचा हक्क जास्त? कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आपल्या हद्दीपासून लांब नाही. त्या गावानं ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. पुढं महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता घ्यायला सांगितलं. ठराव झाला म्हणून सगळं बदलतं असं नाही, पण एका गावानं जे उघडपणे म्हटलं ते एका अल्बमच्या पानावर यायला काय हरकत आहे?

आमच्या धंद्याचंही सांगतो. फॅमिली फोटो लावताना "सुवासिनींनी पुढं या" असं मोठ्यानं म्हणायची सवय बऱ्याच फोटोग्राफरांना असते. ज्या बाई सुवासिनी नाहीत त्या आपोआप मागच्या रांगेत जातात, नाहीतर खांबाआड. पुढं अल्बम बघताना कुणाच्या तरी आईचा फक्त पदर दिसतो. माझ्या मुलांना मी सांगून ठेवलंय, हे वाक्य आपल्या तोंडी येता कामा नये. "घरची माणसं पुढं या", एवढंच म्हणायचं. या लग्नात तुमच्याच शेजारी नवरीच्या आई उभ्या आहेत तो फोटो अकराव्या पानावर आहे. मामींनाही तो आवडल्याचं नवरीनं सांगितलं.

अल्बमचं पहिलं पान मी बदलणार नाही. नवरा-नवरीनं सांगितलं तरच बदलेन, आणि त्यांनी सांगितलेलं नाही. तुमच्याकडच्या पाहुण्यांचे फोटो तुम्हाला हवेत हे अगदी रास्त आहे, आणि ते मी देईन. 'स्टेज' फोल्डरमधले तुम्ही निवडाल तेवढे वेगळे छापून छोटा अल्बम करून देतो, छपाईला येईल तेवढाच खर्च घेईन. तुमच्या घरच्यांचा स्टेजवरचा ग्रुप फोटो मोठा करून फ्रेम लावून ठेवलाय, त्याचे पैसे नकोत. मानाच्या पाहुण्यांपैकी कुणाला स्वतःचा फोटो हवा असेल तर त्यांनाही पाठवतो, नंबर मात्र तुम्ही द्या, कारण ते माझे पाहुणे नव्हेत.

तुळशीच्या लग्नानंतर आमची धावपळ सुरू होते. तोवर दुपारी चारनंतर मी दुकानात असतो. मामींना घेऊन या, स्क्रीनवर बसून निवडू. यायला जमलं नाही तर फोन करा, पेन ड्राइव्ह आणि फ्रेम मुलाबरोबर घरी पाठवून देतो.