अर्धा हॉर्सपॉवर

न्यू जर्सीत घर दाखवणारा एजंट बेसमेंटमध्ये उभा राहून होम थिएटर, पाहुण्यांची खोली, पोरांना टेबल टेनिस असं काय काय बोलत असतो. बोलताना तो कोपऱ्यातल्या एका प्लास्टिकच्या झाकणावर उभा असतो, हे आपल्या लक्षात येतं सह्या झाल्यावर. झाकणाखाली दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा. आजूबाजूच्या लालसर चिकणमातीत मुरलेलं पाणी घराच्या पायाशी पुरलेल्या भोकाभोकांच्या पाइपातून या खड्ड्यात उतरतं आणि खड्ड्यातला पंप ते अंगणात फेकतो. फेकला तर ठीक. नाही तर गणपतीचं मखर, पोरीचा ढोल, भारतातून आणलेल्या आणि परत न्यायच्या बॅगा, सगळं तरंगतं.

१ सप्टेंबर २०२१ला आयडा वादळाचं शेपूट इकडून फिरलं, तेव्हा नेवार्कला एका दिवसात ८.४१ इंच पाऊस झाला. तेव्हापासून आमच्या मंडळातल्या प्रत्येकाला पंपाविषयी मत आहे, आणि ते सगळ्यांचं एकच आहे: मोठा घ्या. आमचा जुना पंप कण्हायला लागला म्हणून मी ग्रुपवर सहज विचारलं, तर ‘आमच्याकडे पाऊण एचपी आहे’ असं एकाने घराचं चौरस फूट सांगावं तसं सांगितलं. दुसऱ्याने लगेच ‘एक’ टाकला. तिसऱ्याने नुसता अंगठा दाखवला, म्हणजे त्याच्याकडे त्याहून मोठा असणार.

अशात सासरे आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. सांगलीकडचे, कृष्णेचं पाणी उचलून उसाला द्यायचं, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आल्या दिवशी चहा व्हायच्या आत ते खड्ड्यावर वाकले होते.

“केवढ्याची मोटार म्हणायची ही?”

“एक तृतीयांश एचपी.”

“आवं जावईबापू, तुमच्या सासूबाईचा मिक्सर हिच्या दुप्पट हाय.”

मिक्सर साडेसातशे वॅटचा, हा पंप अडीचशेचा. हिशेब केला तर मामांनी उलट मवाळ भाषा वापरली होती.

“थ्री फेज न्हाई?”

“नाही मामा. घरातलीच लाइन. एकशेवीस व्होल्ट.”

“एकशेवीस!” मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “अमेरिकेत लाइट निम्मीच देत्यात व्हय?”

दुकानात गेलो. एका आख्ख्या भिंतीला पंपच पंप. प्रत्येक खोक्यावर तासाला किती हजार गॅलन ते हाताएवढ्या अक्षरांत. हा आकडा बहुतेक वेळा शून्य उंचीचा असतो, म्हणजे पाणी अजिबात वर न चढवता पंप किती टाकेल, त्याचा. माझ्या खड्ड्यातलं पाणी दहा फूट चढून, दोन बेंड घेऊन, दीड इंची पाइपातून बाहेर जाणार. दहा फुटांना किती, हे खोक्याच्या कडेला मुंगीएवढ्या तक्त्यात. विक्रेत्या पोराला मी तो तक्ता दाखवला, तो म्हणाला मोठा घ्या. मामांना मात्र इंग्रजी तक्ता न वाचता कळला. पाणी जेवढं उंच चढवायचं, त्याला ते हेड म्हणतात. “हेड किती ते बघा आधी. आमच्यात हेड न बघता मोटार घेतल्याली माणसं अजून हप्तं फेडाय लागल्यात.”

मग आम्ही पावसाची वाट बघितली. एरवी पाऊस आला की बेसमेंटवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्या दिवशी आम्ही टेप आणि मोबाइल घेऊन खड्ड्याशी उकिडवे बसलो होतो. रीत साधी आहे. पंप बंद करायचा आणि मिनिटात पाणी किती चढतं ते मोजायचं. दीड फुटी खड्ड्यात एक इंच म्हणजे साधारण सव्वाचार लिटर. जोराच्या सरीत आठ इंच चढलं, म्हणजे मिनिटाला पस्तीसेक लिटर. दहा फूट उंचीवर अर्धा एचपीचा चांगला पंप याच्या कितीतरी पट सहज फेकतो. एक एचपी आणला असता तर त्याने खड्डा डोळ्याचं पातं लवतंय तोवर कोरडा करून बंद व्हायचं, पाणी भरलं की पुन्हा दचकून उठायचं, आणि रात्रभर हेच. मोटर सुरू होताना जास्तीत जास्त करंट ओढते, जास्तीत जास्त तापते. सारखी चालू-बंद होणारी मोटर लवकर जळते. ग्रुपवर मी हे सविस्तर लिहिलं. त्याला एकही अंगठा आला नाही.

“हे सगळं खरं,” मामा म्हणाले, “पण हितं फुटवॉल कुठाय?”

फुटवॉल म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या बुडाची झडप. इथे पंपच पाण्यात बुडालेला असतो, त्यामुळे ती लागत नाही, असं मी सांगितलं. त्याऐवजी वरच्या पाइपात एनआरव्ही, पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, म्हणजे पंप थांबल्यावर चढलेलं पाणी परत खड्ड्यात पडायला नको. मामांनी मान डोलावली, पण मन मानलं नव्हतं.

ओतीव लोखंड की प्लास्टिक, यावर मी चार रात्री वाचत बसणार होतो. मामांनी दोन खोकी उचलून बघितली आणि “ह्याला वजन हाय” म्हणून निकाल दिला. लोखंड मोटरची उष्णता भोवतालच्या पाण्याला देऊन टाकतं, म्हणून ते जास्त टिकतं. शास्त्र फिरून फिरून शेवटी मामांच्या मनगटाशी आलं.

एवढं सगळं एचपीपुराण, पण हे पंप बहुतेक वेळा मरतात ते फ्लोटमुळे. पाणी चढलं की वर उचलला जाऊन पंप चालू करणारा मुठीएवढा प्लास्टिकचा गोळा. वायरीला बांधलेला असेल तर तो अरुंद खड्ड्यात डोलत डोलत भिंतीला अडकतो. अडकला वर, तर पंप कोरडा चालून जळतो. अडकला खाली, तर मखर तरंगतं. उभ्या दांडीवर सरकणारा फ्लोट त्या मानाने शहाणा. माझं मत विचाराल तर आधी स्विच निवडावा आणि मग त्याला साजेसा पंप बघावा. पण चारचौघांत ‘आमच्याकडे उभा फ्लोट आहे’ म्हणून छाती कशी फुगवायची?

राहिली वीज. जोराचं वादळ आलं की ती जाते, आणि नेमकं तेव्हाच पंपाचं काम असतं. दुकानात एक विजेशिवाय चालणारा पंप होता. तो नळाच्या पाण्याच्या दाबावर चालतो. दोन गॅलन बाहेर काढायला एक गॅलन पिण्याचं पाणी खर्च. हे ऐकून मामांनी दुकानातच कानाला हात लावले. “जतला माणसं टँकरची वाट बघत्यात ओ!” मग बारा व्होल्टचा दुसरा छोटा पंप आणि त्याला बॅटरी, असं ठरलं. बॅटरी बघून मामा खुलले. लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरला डिस्टिल्ड वॉटर घालून ज्याचे हात तयार झालेत, त्याला हे काय अवघड? माझ्या हातात त्यांनी ती झारी दिलीच नाही.

बसवून झालं. बादलीभर पाणी ओतून दोन्ही पंप तपासले. जायच्या आधी मामांनी काळ्या मार्करने खड्ड्याच्या आत दोन रेघा मारल्या, सांगलीच्या आयर्विन पुलावर असतात तशा: खाली ‘इशारा’, वर ‘धोका’. पुलावर चाळीस फूट आणि पंचेचाळीस फूट. आमच्याकडे बारा इंच आणि सोळा इंच.

हल्ली फोन आला की आधी तब्येत विचारतात, मग पोरीचा अभ्यास, मग खड्डा.

“पाणी किती हाय?”

“अकरा इंच, मामा.”

“कोयनेतनं सोडलंय का?”