‘एका सुरावर बसवून ठेवता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाव न देता लिहिलंत, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. काही तयारीचे, काही अगदी नवखे असे वादक एकत्र असतील तर लोकसंगीताची कार्यशाळा कशी घ्यावी, यावर मी लिहिलं होतं; नवख्याने सुरुवातीला एकच सूर धरून सगळ्यांबरोबर वाजवावं, असं त्यात होतं. तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दे बरेच आहेत, पण झोंबलं ते एकच वाक्य: ‘नवशिक्यांना एका सुरावर बसवून ठेवणं ही शिकवणाऱ्याची सोय, तुम्हाला बहुधा कधी मागे बसावं लागलेलं नाही.’

आधी मान्य आहे ते सांगतो. पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते, आठवडाभर आधी कळवावी, हे माझ्या लेखात नव्हतं. पेटीवाला पट्टी बदलून घेईल, पण बासरीवाल्याला दुसरी बासरीच लागते, आणि ती घरी राहिली असेल तर त्याचा दिवस गेला. लेखात भर घालतो. झालं?

आता ते ‘बहुधा’. माणसाबद्दल काहीही ठरवून टाकायचं आणि पुढे एक ‘बहुधा’ चिकटवून मोकळं व्हायचं, ही बरी रीत आहे. मी १४ वर्षांचा असताना ढोलकी घेऊन एका शिबिराला गेलो होतो. साधा केरवा ताल सोडला तर माझा हात पुढे जात नाही, हे तिथल्या गुरुजींनी दहा मिनिटांत ओळखलं. ‘तू नुसतं ऐक’, म्हणाले. तीन दिवस ढोलकी मांडीवर घेऊन बसलो, एक थाप नाही. तेव्हा मागे बसणं काय असतं, ते मला सांगू नका.

म्हणूनच मी नवख्याला सूर देतो. एकच, पण पहिल्या मिनिटापासून. पोवाड्यात शाहीर श्वास घ्यायला थांबतो तेव्हा गाणं कोण तोलून धरतं? झीलकरी, म्हणजे शाहिराच्या मागे सूर ओढणारे साथीदार. ‘जी जी र जी’ म्हणण्यात कमीपणा वाटत असेल तर झील ढिली पडलेला पोवाडा एकदा ऐका, पाच मिनिटं तरी बसवतं का बघा. तुणतुण्याला तर तारच एक. बोटं फिरवायला जागा नाही, टुणटुण चालू ठेवायची एवढंच काम. पण तेच पुढे पळायला लागलं की सगळ्यांची फरफट होते. देवीच्या गोंधळात संबळाच्या जोडीला ते असतं, ते काय कुणाला कोपऱ्यात बसवायचं म्हणून?

शिवाय मी कुणाला दिवसभर तिथेच ठेवत नाही. हे लेखात होतं, पण तुम्ही बहुधा (बघा, मलाही जमतं) तिथवर वाचलं नसावं. आधी वाद्यं खाली ठेवून सगळे चाल गातात. तोंडात बसली की एकेक ओळ वाद्यावर. ज्याला ओळीतले तीनच सूर सापडले त्याने तीनच वाजवायचे, बाकी वेळ ‘सा’ धरायचा, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्यांबरोबर यायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनाचे पाच होतात. तयारीच्या वादकाला मी नवख्याशेजारी बसवतो आणि तीच ओळ निम्म्या लयीत, सुरांची एकही नक्षी, हरकत न घेता वाजवायला लावतो. त्याच्या कपाळावर आठ्या येतात. येऊ देत. ठाय म्हणजे संथ लयीत दोन सुरांमधली मोकळी जागा सांभाळताना भल्याभल्यांचा हात घाई करतो.

राहिलं तुमचं बाकीचं: ३० जणांत शिकवणाऱ्याचं लक्ष पुरत नाही, घरी सरावाला ध्वनिमुद्रण द्यायला हवं, आणि एका सुरावर बसलेले दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत. पहिल्या दोन्हींवर पुन्हा कधीतरी. तिसऱ्याचं म्हणाल तर न येण्याची कारणं शंभर असतात. तुम्हीही कुठल्याशा कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी गेला नाहीत, असं लिहिलंय. ती माझी नसावी.

पुढच्या वेळी या. पट्टी काळी दोन. आधीच सांगून ठेवतोय.