हरणे फायद्याचे ठरते तेव्हा दोष कोणाचा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

पुरुषांच्या २०१० च्या जागतिक व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धेवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य होणार नाही. इटलीतील अँकोना येथे ब्राझील बल्गेरियाविरुद्धचा सामना मुद्दाम हरल्याचे जे दिसले त्याचा मोठा दोष स्पर्धेची रचना करणाऱ्यांकडे जातो आणि खेळाडूंचा दोष त्यानंतर येतो, असे मी त्या लेखात म्हटले होते. आपल्याला हे मान्य नाही. देशाची जर्सी घालून उतरलेल्या संघाने प्रत्येक सामना जिंकण्यासाठीच खेळला पाहिजे, रचनेकडे बोट दाखवणे म्हणजे फसवणुकीवर पांघरूण घालणे आहे आणि त्या पराभवानंतर मिळालेले विजेतेपद कायमचे डागाळलेले राहते, असे आपण लिहिले आहे. मोठे संघ आपले प्रमुख खेळाडू नेहमीच बसवतात, मग रचना कोणतीही असो, असा दाखला देऊन शेवटी आपण गटसाखळी काढून थेट बाद फेरी ठेवण्याचा उपायही सुचवला आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी घटनाक्रम थोडक्यात सांगतो. इटलीत झालेल्या त्या स्पर्धेत २४ संघ होते. पहिल्या फेरीत चार-चार संघांचे सहा गट होते आणि प्रत्येक गटातून तीन संघ पुढे गेले. दुसऱ्या फेरीत उरलेल्या १८ संघांचे तीन-तीनचे सहा गट झाले आणि त्यांतून प्रत्येकी दोन संघ पुढे जाणार होते. ब्राझील, बल्गेरिया आणि पोलंड एकाच गटात आले. पोलंड दोघांकडूनही हरल्यामुळे शेवटच्या सामन्याआधीच ब्राझील आणि बल्गेरिया यांचा पुढचा प्रवेश निश्चित झाला होता. तिसऱ्या फेरीतील गट मात्र सोडत काढून ठरणार नव्हते, ते स्थानानुसार आधीच आखलेले होते. त्यामुळे सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांना पुढचे चित्र स्पष्ट दिसत होते. जिंकणाऱ्याच्या वाट्याला क्यूबा आणि स्पेन येणार होते, हरणाऱ्याच्या वाट्याला जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक. क्यूबाने पहिल्या फेरीत ब्राझीलला पाच सेटमध्ये हरवले होते आणि स्पेन हा २००७ चा युरोपीय विजेता होता. २ ऑक्टोबरला ब्राझील सरळ तीन सेटमध्ये हरला. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून निषेध केला आणि अनेकांनी मैदानाकडे पाठ फिरवली.

त्या प्रेक्षकांच्या संतापाबाबत आपल्यात मतभेद नाही. त्यांनी तिकीट काढले होते ते जगातील दोन उत्तम संघांची लढत पाहण्यासाठी, आणि ती त्यांना पाहायला मिळाली नाही. ब्राझीलने त्या दिवशी काय केले यावरही मी पांघरूण घालत नाही. उलट ते नेमके किती गंभीर होते हे आपल्या प्रतिक्रियेत पुरेसे आलेले नाही असे मला वाटते, कारण आपण त्याला ‘प्रमुख खेळाडू बसवणे’ म्हटले आहे. ब्राझीलने त्या सामन्यात आपल्या नेहमीच्या सेटरशिवाय, म्हणजे आक्रमकांना मारण्यासाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूशिवाय, खेळ केला. मार्लन आजारपणामुळे बाहेर होता, ब्रुनो बाकावर राहिला आणि सेटरची जबाबदारी थिओ या मूळच्या आक्रमक खेळाडूवर आली. एखाद्या उत्तम स्मॅशरला विश्रांती दिली तर संघ दुबळा होतो, पण खेळ तोच राहतो. सेटर काढला की खेळच उरत नाही. सर्व्हिस परतवल्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक दुसरा स्पर्श सेटरचा असतो. मधल्या फळीतील खेळाडू जलद चेंडूसाठी उडी घेतो तेव्हा चेंडू अनेकदा अजून सेटरच्या बोटांतच असतो. तो आपल्या हातापर्यंत येणारच या भरवशावर ती उडी घेतलेली असते आणि हा भरवसा अनेक महिन्यांच्या सरावातून तयार होतो. सेटरच्या जागी ज्याचे हात मारण्याला सरावलेले आहेत असा खेळाडू उभा केला, की जलद चेंडू बंद होतात. उंच, संथ चेंडू जाळ्याच्या दोन टोकांना जाऊ लागतात आणि समोरचा दुहेरी ब्लॉक तिथे आधीच येऊन उभा राहतो. त्यामुळे ‘आम्ही काही खेळाडूंना विश्रांती दिली’ हे स्पष्टीकरण त्या सामन्याला पुरत नाही. मात्र बल्गेरियाचाही उल्लेख करायला हवा. त्यांनीही आपला पूर्ण ताकदीचा संघ उतरवला नव्हता. पंधरा वर्षांनंतर लोक फक्त ब्राझीलचे नाव घेतात, कारण हरण्यात ब्राझील यशस्वी झाला.

इथेच आपल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. आपण म्हणता की संघाचे कर्तव्य समोरचा सामना जिंकणे हे आहे. मी म्हणतो की राष्ट्रीय संघाला स्पर्धा जिंकण्यासाठी पाठवलेले असते, आणि सामना जिंकणे व स्पर्धा जिंकणे या दोन गोष्टी एकाच दिशेने जातील याची काळजी घेणे हे आयोजकांचे पहिले काम आहे. जी रचना या दोन गोष्टींना एकमेकींविरुद्ध उभे करते, ती प्रशिक्षकापुढे असा प्रश्न ठेवते ज्याचे निर्मळ उत्तर नसते. ब्राझीलचे तेव्हाचे प्रशिक्षक बर्नार्डिन्हो यांनी पूर्ण ताकदीने खेळून सामना जिंकला असता आणि पुढे क्यूबाकडून हरून संघ उपांत्य फेरीआधीच घरी परतला असता, तर त्यांना प्रामाणिकपणाचे श्रेय किती जणांनी दिले असते? कठीण मोहातही सचोटी राखणारे संघ असतात आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण जागतिक स्पर्धा प्रत्येक संघ तसा निघेल या आशेवर उभी करता येत नाही.

या बाबतीत व्हॉलीबॉलची अडचण फुटबॉलपेक्षा मोठी आहे, आणि मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्हॉलीबॉलमध्ये बरोबरी नाही. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांना सोयीचा निकाल लागला की ते वेळ काढू शकतात. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी तेच केले आणि अल्जीरिया बाहेर पडला. व्हॉलीबॉलमध्ये घड्याळही नाही. कोणाला तरी तीन सेट जिंकावेच लागतात. त्यामुळे दोन्ही संघांना पराभव हवा असेल तर पराभवासाठी चढाओढ लागते. शिवाय रॅली पद्धतीत प्रत्येक चुकीचा गुण थेट प्रतिस्पर्ध्याला जातो, आणि आजच्या खेळात जोरदार उडी सर्व्हिसवर चुका होणे इतके नित्याचे आहे की मुद्दाम जाळ्यात मारलेली सर्व्हिस आणि जोखीम घेताना फसलेली सर्व्हिस यांतला फरक पंच सिद्ध करू शकत नाही. आपण दंडाची, बंदीची मागणी केली आहे. अँकोनातील पराभव तरी डोळ्यांना दिसणारा होता, कारण सेटरची जागा रिकामी होती. पुढच्या वेळी एखादा संघ सेटर ठेवील, पहिला सेट लढून हरेल, दुसरा जरा अधिक फरकाने हरेल, आणि कोणालाही काही सिद्ध करता येणार नाही. जो गुन्हा फक्त अनाडी माणसाच्याच बाबतीत पकडता येतो, त्यासाठी केलेली शिक्षा हुशार संघांना शिस्त लावत नाही, लपवायला शिकवते.

शिक्षेचा मार्ग लंडन ऑलिंपिकमध्ये अवलंबला गेला होता. २०१२ मध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीतील चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, जाणूनबुजून हरण्याच्या प्रयत्नाबद्दल अपात्र ठरल्या. तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण त्यानंतर महासंघ स्वस्थ बसला नाही; पुढच्या ऑलिंपिकसाठी गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची वेगळी सोडत काढण्याची पद्धत आणली, म्हणजे दुसरे येऊन सोपा प्रतिस्पर्धी निवडण्याची सोयच संपली. खिखोननंतर फुटबॉलमध्येही तेच झाले. त्या दोन संघांवर कारवाई झाली नाही, पण १९८६ पासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. तीन संघांच्या गटांची भीती तर इतकी खरी आहे की २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी आधी ठरलेले तीन-तीनचे गट २०२३ मध्ये रद्द करून चार-चारचे करण्यात आले. तीनच्या गटात शेवटच्या दिवशी एक संघ नेहमी बाहेर बसलेला असतो आणि उरलेल्या दोघांना त्याचा पूर्ण हिशेब माहीत असतो. इटलीतील आयोजकांनी असे गट एकदा नव्हे तर लागोपाठ दोन फेऱ्यांत ठेवले होते, आणि यजमानांचा मार्ग सोपा व्हावा म्हणून हे केले, अशी टीका स्पर्धा चालू असतानाच झाली होती. त्या टीकेत तथ्य असो वा नसो, पुढचे गट आधीच जाहीर करण्याचा निर्णय त्यांचाच होता.

थेट बाद फेरीचा आपला उपाय मात्र मला पटत नाही. जाणूनबुजून हरण्याचा मोह त्यात संपतो हे खरे, पण जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला संघ एका वाईट संध्याकाळी परत जातो, आणि आशिया-आफ्रिकेतील संघांना बलाढ्य संघांशी खेळण्याची जी दुर्मिळ संधी मिळते ती एका सामन्यावर येते. आपल्याला हवा तो परिणाम गटसाखळी ठेवूनही मिळतो, आणि याचा पुरावा अलीकडचाच आहे. २०२५ मध्ये फिलिपिन्समध्ये झालेल्या स्पर्धेत प्रथमच ३२ संघ होते, चार-चारचे आठ गट, प्रत्येक गटातून दोन संघ आणि लगेच बाद फेरी. प्रत्येक संघाला गटात तीनच सामने. ब्राझीलने त्यांतले दोन जिंकले, सर्बियाकडून एक सरळ सेटमध्ये गमावला, आणि तो संघ गटातच बाद झाला, कारण सर्बिया आणि चेक प्रजासत्ताक यांचेही दोन-दोन विजय होते आणि सरस-निरस हिशेबात ब्राझील मागे पडला. ऑलिंपिक विजेता फ्रान्सही त्याच फेरीत बाहेर गेला. अशा रचनेत सामना तर सोडाच, एखादा सेट सैलपणे सोडणेही कोणत्या प्रशिक्षकाला परवडेल? शेवटी इटलीने बल्गेरियाला ३-१ ने हरवून विजेतेपद मिळवले आणि ते कोणाच्या मेहेरबानीने मिळाले असे कोणी म्हटले नाही.

दुसरा बदल प्रेक्षकांच्या नजरेत फारसा येत नाही, पण माझ्या मते तो अधिक खोलवर काम करतो. २०२० पासून जागतिक क्रमवारीचे गुण प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर बदलतात आणि आपल्यापेक्षा खालच्या संघाकडून झालेला पराभव जास्त महाग पडतो. पॅरिस ऑलिंपिकच्या बारा जागांपैकी पाच या क्रमवारीवरून ठरल्या. आपण नेशन्स लीगचे, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या वार्षिक व्हॉलीबॉल स्पर्धेचे, उदाहरण दिले आहे, की तिथे बलाढ्य संघ सुरुवातीच्या आठवड्यांत दुसऱ्या फळीचे खेळाडू पाठवतात आणि ते अँकोनासारखेच आहे. मला ते तसे वाटत नाही. क्लबचा लांबलचक हंगाम संपवून आलेल्या खेळाडूला विश्रांती देऊन बावीस वर्षांच्या मुलाला संधी देणे यात मला गैर काही दिसत नाही, कारण तो मुलगा आपली जागा पक्की करण्यासाठी जीव तोडून खेळत असतो आणि त्याच्या संघाला पराभवातून काहीही मिळत नाही. संघ कमकुवत आहे की नाही हा प्रश्न नाही. हरल्याने त्याचा फायदा होतो का, हा प्रश्न आहे.

राहिला विजेतेपदाचा मुद्दा. ब्राझीलने त्यानंतर जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांना मागे टाकले, उपांत्य फेरीत इटलीला इटलीतच ३-१ ने हरवले आणि १० ऑक्टोबरला रोम येथे अंतिम सामन्यात क्यूबाला ३-० ने हरवले. ज्या क्यूबाला टाळण्यासाठी तो सामना सोडला असे आपण लिहिता, त्याच क्यूबाशी अंतिम गाठ पडली, आणि त्या संघात रॉबर्टलँडी सिमोनसारखा कर्णधार आणि अवघ्या सतरा वर्षांचा विल्फ्रेडो लिऑन होता. २००२ आणि २००६ नंतरचे ब्राझीलचे ते सलग तिसरे जागतिक विजेतेपद होते. दुसरीकडे सामना जिंकलेला बल्गेरिया उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही. यातून अँकोनातील सामना शुद्ध ठरत नाही, तसे मी म्हणतही नाही. पण अंतिम फेरीत मुरिलो, डांटे आणि इतरांनी जो खेळ केला तो खोटा ठरवण्याचा अधिकार त्या एका सामन्यातून आपल्याला मिळत नाही. त्या विजेतेपदाची नोंद करताना अँकोनाचा उल्लेख अवश्य व्हावा, आणि त्याच वाक्यात तिसऱ्या फेरीचे गट कसे आखले होते हेही लिहिले जावे. माझ्या लेखात मी तसेच लिहिले होते आणि आपली प्रतिक्रिया वाचल्यानंतरही ते वाक्य मी बदलत नाही.

एका बाबतीत मात्र आपल्या म्हणण्याला मी माझ्याकडून जोड देतो. त्या सामन्यासाठी प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत मिळायला हवे होते, असे आपण लिहिले आहे. ते खेळाडूंकडून वसूल करावेत असे आपले म्हणणे दिसते. मी म्हणेन की ज्यांनी तिकिटे विकली आणि ज्यांनी गट आखले, त्यांच्याकडून ते परत मिळायला हवे होते.

आपला,
लेखक