'आजारात पंप काढून ठेवा' या फॉरवर्डचं काय करायचं?

पावसाळ्यात कोकणातल्या ग्रुपांवर इन्सुलिन पंप लावणाऱ्या मधुमेहींसाठी फिरणारा मेसेज असा: 'ताप-उलट्यांत पेशंट जेवत नसेल तर इन्सुलिन पंप काढून ठेवा, शुगर उतरेल. शहाळं द्या. शुगर २०० च्या आत असली की काळजी नाही. चढलीच तर पंपावरून बोलस द्या.'

'जेवण नाही म्हणून पंप नको' हे चूक. जेवणाचा बोलस (पंपाने एकदम दिलेला डोस) नको, इतकंच खरं. बेसल, म्हणजे पंप दिवसरात्र थोडं थोडं देत राहतो ते इन्सुलिन, जेवणासाठी नसतंच. यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं. तापात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन वाढतात आणि ती आणखी सुटते. म्हणून तापात टेम्पररी बेसल बरेचदा १० ते २० टक्के वाढवावं लागतं. त्यात पंपात फक्त झटपट इन्सुलिन असतं, लांब पल्ल्याचा साठा अंगात नसतो. टाईप १ मधुमेहाच्या माणसाचा पंप काढला की तीन-चार तासांत कीटोन (चरबी जळून रक्तात येणारी आम्लं) चढू लागतात. रात्री दहाला काढलात तर उजाडेपर्यंत कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारी अवस्था, होऊ शकतो.

जुलाब-उलट्यांत शुगर उतरते, हे मात्र खोटं नाही. तेव्हा बेसल २०-३० टक्क्यांनी कमी करा आणि साखरपाण्याचे घोट द्या. तासन्‌तास बंद ठेवू नका.

शुगर २०० च्या आत, म्हणजे ठीक. नाही. पोट रिकामं असलं की शुगर १५० आणि कीटोन १.५ असंही होतं. तेव्हा साखरही हवी आणि इन्सुलिनही: पेजेच्या निवळीत साखर घाला आणि तेवढ्या कार्बचा (साखर-पिष्टाचा) बोलस द्या. शुगर दर दोन ते तीन तासांनी बघा, रात्रीसुद्धा. पॅरासिटामोलने अंगावरच्या काही शुगर सेन्सरांवर आकडा खोटा चढतो, म्हणून बोट टोचूनच. रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ ला थेट हॉस्पिटल. लघवीची पट्टी काही तासांपूर्वीची स्थिती दाखवते, आणि इथल्या दमट हवेत डबी उघडी राहिली तर तीही बिघडते. उलटी थांबत नसेल, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, माणूस सुस्तावला असेल तर आकड्याची वाट बघू नका. करूळ घाटात दरड आली की कोल्हापूर लांबच, ओरोसचं किंवा रत्नागिरीचं हॉस्पिटल वेळेत गाठा.

शहाळं. चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. जुलाबात ओआरएसची जागा ते घेत नाही. ओआरएसमधल्या साखरेला घाबरू नका, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं.

चढली तर पंपावरून बोलस. सगळ्यात घातक सल्ला हाच. शुगर २५० च्या वर आणि कीटोनही असतील तर पहिला संशय सेटवर, म्हणजे पंपातून अंगात इन्सुलिन नेणाऱ्या नळीवर घ्या: कॅन्युला (कातडीखालची बारीक नळी) वाकलेली, ट्यूबमध्ये हवा, घामाने चिकटपट्टी सुटलेली. त्याच सेटमधून दिलेला बोलस पोचेलच असं नाही, स्क्रीनवर मात्र 'दिला' असं दिसतं. आधी करेक्शन (शुगर उतरवायचा डोस) सिरिंजने किंवा पेनने द्या, मग सेट, जागा आणि रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिनची टाकी) तिन्ही बदला, आणि दोन तासांनी पुन्हा तपासा. कीटोनसाठीचा जादा डोस दिवसाच्या एकूण इन्सुलिनवरून ठरतो. तो मे महिन्यातच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि सिरिंज नीट बघा. पंपातलं इन्सुलिन मिलीला १०० युनिटचं असतं, त्याला नारिंगी टोपीची १०० ची सिरिंज लागते. गावच्या मेडिकलमध्ये पटकन हाती येते ती लाल टोपीची, ४० ची. तिच्यावर ४ च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात १० युनिट जातात.