ब्लॉक घेतला होता का?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने जॉबशीटवर लिहिलं, ‘गेम चालत नाही.’

मी सांगितलेलं वाक्य एवढं आखूड नव्हतं. रेल्वे सिम्युलेटरचे दोन रूट जोडायचे आहेत, एक मुंबई ते कर्जत, दुसरा कर्जत ते पुणे. जोडणारं टूल जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे. ते पहिला रूट वाचतं, दुसरा वाचतं आणि मग ‘आउट ऑफ मेमरी, जावा हीप स्पेस’ एवढं बोलून मान टाकतं. हे सगळं मी दम घेत घेत, व्यवस्थित सांगितलं होतं. पोराने त्यातली ‘मेमरी’ तेवढी उचलली. संध्याकाळी कॉम्प्युटरचा डबा परत मिळाला तेव्हा आठ जीबी रॅमची सोळा झाली होती आणि माझे साडेतीन हजार गेले होते. घरी येऊन टूल चालवलं. तीच ओळ, त्याच जागी, स्वल्पविरामासकट.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुकानात.

हे रूट म्हणजे काय ते उरकून टाकतो. सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा प्रोग्रॅम, या शतकाच्या सुरुवातीचा. हौशी लोकांनी त्याच्यासाठी जगभरचे लोहमार्ग घरबसल्या बांधले. पगार नाही, मानधन नाही, नोकरीवरून आल्यावर रात्री जागून सिग्नलचे खांब रोवायचे. माझ्याकडच्या दोन रूटचे कर्ते वेगळे, त्यांची कधी गाठ पडलेली नाही. दोघांनीही रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, सिग्नलला, फलाटाला नंबर दिलेत आणि दोघांनीही ते एकपासून सुरू केलेत. जोडायचं म्हणजे एकाचे सगळे नंबर बदलायचे. जमीन 2048 मीटरच्या चौकोनांत कापलेली असते आणि प्रत्येक चौकोनाची स्वतंत्र फाइल असते, तर त्या प्रत्येक फाइलीत जाऊन बदलायचे. टूल हे सगळं आधी डोक्यात घेतं आणि मग लिहायला बसतं. घेता घेताच डोकं भरतं.

“रॅमने झालं नाही,” मी काउंटरवर म्हटलं.

“मग बत्तीस टाकू?”

“अरे बाबा, प्रश्न रॅमचा नाहीच. जावा बत्तीस बिटचा आहे.”

“तेच म्हणतोय ना काका, बत्तीस.”

मी त्याला समजावलं. बत्तीस बिटच्या प्रोग्रॅमला 4,29,49,67,296 एवढेच पत्ते मोजता येतात, म्हणजे चार जीबी. त्यातले निम्मे विंडोज स्वतःसाठी ठेवतं. उरलेल्या दोनांत जावाला हवी असते एकसलग जागा आणि ती दीड जीबीच्या आसपास संपते. जास्त मागितली तर ‘कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस’ म्हणून सुरूच होत नाही. यार्ड मैलभर लांब असलं म्हणून काय झालं, गाडी लूप लाइनीत, म्हणजे बाजूच्या रुळात, मावेल तेवढीच घेता येणार. तू यार्ड वाढवलंस, लूप तेवढीच राहिली.

पोराचा चेहरा कोराच. पण ‘लूप लाइन’ हा शब्द रांगेत माझ्या मागे कुणाला तरी लागला.

“जोडताय म्हणजे नक्की कुठे जोडताय?”

मागे वळून पाहिलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातातल्या दुधाच्या पिशवीत प्रिंटरचं रिकामं काट्रिज. पिशवीच्या कोपऱ्यात निळी शाई साठली होती.

“कर्जतला,” मी म्हटलं.

“कर्जतला कुठे? मुंबई एंडला की पुणे एंडला?”

“पुणे एंडला.”

“ब्लॉक घेतला होता का?”

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात गोंधळ झाला. “अहो, हे कॉम्प्युटरवर जोडतोय.”

“ते कळलं मला. पण चालू लाइनीवर जोडकाम करता येत नाही. कॉम्प्युटर असो, कागद असो. आधी कंट्रोलरकडून ब्लॉक घ्यायचा, तेवढा वेळ गाड्या बंद. किती वेळ लागतो तुम्हाला?”

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे मला कळतं. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी म्हणून गेलो, “टूलला नुसतं वाचायलाच वीस मिनिटं लागतात.”

“वीस मिनिटांत रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्टसुद्धा निघत नाहीत. चार तास धरा. रविवारी घ्या.”

“मग रविवारी आणता का डबा?” पोराने विचारलं. त्याला पहिल्यांदाच काहीतरी समजलं होतं.

गृहस्थ निवृत्त गार्ड निघाले. सगळी नोकरी मध्य रेल्वेत आणि त्यातली बरीचशी घाटात. “आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं. 2022 पासून. मी त्याच्या आधी सुटलो, नशीब माझं,” असं त्यांनी मला नाही, रांगेला सांगितलं. मग माझ्याकडे वळून, “जोड झाल्यावर कॉशन किती लावणार? वेगमर्यादा?”

“कॉशन नाही लावत.”

“लावत नाही?” त्यांनी साक्षीला सगळ्या रांगेकडे पाहिलं. “नव्या जोडावरून हे गृहस्थ गाडी फुल स्पीडने काढणार.”

लॅपटॉप छातीशी धरून उभी असलेली एक मुलगी माझ्यापासून अर्धं पाऊल लांब झाली. खरंच झाली.

“वीसचं कॉशन. टी 409चा फॉर्म भरायचा, एक ड्रायव्हरला, एक गार्डला. तुमच्यात गार्ड असतो ना?”

आता इथे कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. “नाही, सिम्युलेटरमध्ये गार्ड नसतो,” मी म्हटलं.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. पिशवीतून शाईचा एक थेंब फरशीवर पडला, तेवढंच.

“गार्डच नाही?”

“नाही.”

“मग गाडी सुटते कशी?”

“मीच सोडतो.”

“झेंडा?”

“नाही.”

“शिट्टी?”

“इंजिनाची आहे.”

“इंजिनाची नको मला. गार्डची?”

“नाही हो.”

“मग मेमरी जाणारच,” ते म्हणाले आणि पोराने मान डोलावली. मी सांगितलेल्या चार अब्ज पत्त्यांना त्याने मान डोलावली नव्हती.

तरी मी बाजू सावरायला बघितली. कर्जतला बँकर लावतो, मागून दोन इंजिनं, हे सांगितलं. घाटात चढ 1 इन 37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. जड गाडीला मागून रेटा दिल्याशिवाय लोणावळा दिसत नाही. तेवढ्या थांब्यात लोक कर्जतचा वडा खातात. वडा सिम्युलेटरमध्ये नाही, ही त्यातली एकमेव उणीव म्हणून मी मान्य करायला तयार आहे.

“बँकरवर ड्रायव्हर कोण?” आजोबांनी विचारलं.

“वेगळा नसतो. पुढच्या इंजिनाचं हँडल फिरवलं की मागचीही चालतात.”

“तिन्ही एका हँडलवर? घाटात?” त्यांनी काट्रिजची पिशवी काउंटरवर ठेवली. दोन्ही हात मोकळे हवे होते बहुधा. “आणि सीआरएस? नवीन लाइन सीआरएसने पास केल्याशिवाय पॅसेंजर गाडी चालवता येत नाही. अर्ज केला होता?”

सीआरएस म्हणजे कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी. नवा मार्ग त्याने तपासून होकार दिला की मगच प्रवासी बसतात. हा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. रेल्वेची परीक्षा रेल्वेनेच घेऊ नये, असा विचार त्यामागे आहे आणि तो चांगलाच आहे. पण माझ्या बेडरूममधल्या कर्जतसाठी दिल्लीच्या विमान खात्याकडे अर्ज करायचा, इथवर आम्ही आलो होतो. डब्याचं झाकण अजून कुणी उघडलेलं नव्हतं.

खरं तर मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, ते सांगू देईनात. खऱ्या रेल्वेलाही हे दोन रूट जोडताना घाम फुटला होता. 1856 साली गाडी घाटाच्या पायथ्याला, खोपोलीला पोचली. 1858 साली वर खंडाळा ते पुणे सुरू झाली. मध्ये घाट मोकळा. पाच वर्षं लोक खाली उतरायचे, पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी पकडायचे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका आपल्याकडे घेतला आणि काम पुरं करून दाखवलं. 1863 मध्ये घाट सुरू झाला. त्या कामात मजूर किती मेले याचा विचार करवत नाही. एवढं करूनही चढ इतका की मध्ये एका रिव्हर्सिंग स्टेशनात गाडी नेऊन इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. ते 1929 पर्यंत चाललं. म्हणजे जोड देताना अडणं हे या मार्गाच्या कुंडलीतच आहे. त्या काळी ॲलिसबाईंना कुणी ‘गेम चालत नाही’ असं लिहून दिलं नसावं.

मला खरा राग त्या शब्दाचा आहे, कबूल करतो. सगळे विचारतात, गेमसाठी एवढं? शेजारच्या फ्लॅटमध्ये लोकांनी लाखभर रुपये घालून छताखाली आणखी एक छत बसवलं. त्यांना कुणी विचारत नाही की हे कशाला. रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांत लोको पायलट सिम्युलेटरवरच शिकतात, त्याला कुणी गेम म्हणत नाही. तेच घरी, रात्री अकरानंतर, स्वतःच्या पैशाने केलं की माणूस चेष्टेचा विषय.

आणि दुसरा राग या ‘वाढवा’चा. नेट हळू आहे म्हटलं की प्लॅन वाढवा. फोन गरम होतो म्हटलं की नवा घ्या, मोठा. पाठ दुखते म्हटलं की गादी जाड करा. तुमचं वाक्य संपायच्या आत समोरच्याच्या हातात बिलबुक असतं. पुरं ऐकलं तर उपाय फुकटात निघेल, ही भीती असते का? माझ्या बाबतीत तरी निघाला असता. साडेतीन हजार ही काही फार मोठी रक्कम नाही, पण ती माझी होती आणि ज्या कामासाठी घेतली ते काम तिने झालं नाही, हे दुकानात कुणालाच चुकीचं वाटत नव्हतं.

“रॅम परत घे,” मी शेवटी म्हटलं.

“लावलेली रॅम परत होत नाही, काका. पावतीच्या मागे लिहिलंय.”

“तिचा उपयोगच झाला नाही!”

“झाला ना. आता मशीन फास्ट चालेल. तुमच्या गेमला—”

“गाडी आहे ती,” आजोबा ओरडले. एवढ्या वेळात माझ्या बाजूने आलेलं ते पहिलं वाक्य. पण मी आभार मानेपर्यंत त्यांनी पुढचं जोडलं, “आणि गार्ड नसलेली आहे, म्हणून काळजीपूर्वक बोला.” मग त्यांनी माझा फोन नंबर मागितला. त्यांचा एक मेव्हणा म्हणे सोलापूर डिव्हिजनला होता आणि पुढे दौंडपर्यंत जोडायचं असेल तर त्याचा सल्ला घ्यावाच लागेल. मी नंबर दिला नाही. डबा उचलला आणि निघालो.

घरी येऊन चौसष्ट बिटचा जावा उतरवून घेतला. फुकट मिळतो. टूल सुरू करणाऱ्या बॅच फाइलीत जुन्या जावाचा पत्ता काढून नव्याचा घातला. ‘एक्सएमएक्स’च्या पुढे, म्हणजे हीप कुठवर वाढू द्यायची ती मर्यादा, चार जीबी लिहिली. एवढंच. टूलने दोन्ही रूट वाचले, नंबर बदलले, सगळे चौकोन लिहून काढले आणि एकदाही कुरकुर केली नाही. जुन्या आठ जीबीतही हे आरामात झालं असतं. नवी रॅम मशीनमध्ये आहे. तिला काम नाही.

आता जोडाचं सांगतो. दोन्ही कर्त्यांनी जमिनीची उंची वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली दिसते, त्यामुळे कर्जतच्या पुणे एंडला रुळात एक बारीकशी पायरी राहिली आहे. ताशी ऐंशीने एक्स्प्रेस तिच्यावर गेली की पहिले तीन डबे रुळावरून उतरतात आणि एक लाल पाटी येते. साठने, चाळीसने, तेच. वीसने जाते. धक्का बसतो, पण जाते. ही माहिती मी कुणाला, विशेषतः निवृत्त लोकांना, कळवणार नाही.

शिवाय दोन्ही रूटमधल्या काही फाइलींची नावं सारखी होती हे टूलने सांगितलं नाही, दुसरी पहिलीवर बिनबोभाट ठेवून दिली. मुंबईवाल्याने फलाटावरच्या बाकाला जे नाव दिलं होतं तेच पुणेवाल्याने घाटात चरणाऱ्या म्हशीला दिलं होतं. त्यामुळे आता दादर, ठाणे, कल्याण, बदलापूर, सगळ्या फलाटांवर बाकांच्या जागी म्हशी उभ्या आहेत, रांगेत, ठराविक अंतराने, तोंडं रुळांकडे करून. ठाण्याला तर पंख्याखाली आहेत. त्या काढायच्या तर एका रूटच्या फाइलींची नावं बदलायची, प्रत्येक चौकोनात जाऊन ती दुरुस्त करायची आणि सगळा जोड पहिल्यापासून द्यायचा. रविवारी करीन म्हणतो, चार तास धरून.