नसेवरचा कफ आत ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: स्लीप ॲप्नीयासाठी (झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी) बसवलेलं, जिभेच्या नसेला हलके झटके देऊन जीभ पुढे ढकलणारं उपकरण काढताना नसेभोवतीचा कफ, म्हणजे नसेला वेढणारी सिलिकॉनची इलेक्ट्रोड-पट्टी, कधीकधी आतच ठेवावा, हे माझं म्हणणं बेजबाबदार आहे. काढायचं तर सगळं काढा, नाहीतर नुसतं बंद करून ठेवा, असं तुम्ही लिहिलंय.

मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. मात्र ते कुठे लागू होत नाही, हेही सांगायला हवं.

2014 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इन्स्पायर उपकरणाचे तीन भाग होते: उजव्या कॉलरबोनखाली बॅटरीचा डबा, बरगड्यांमधल्या स्नायूंत श्वास ओळखणारी वायर आणि हनुवटीखाली जीभ हलवणाऱ्या हायपोग्लॉसल नसेवर कफ. डबा काढणं सोपं. जुन्या व्रणावरच छेद घेतात, स्क्रू सैल करून वायरी सोडवतात आणि डबा बाहेर काढतात. श्वासाच्या वायरीला जास्त जपावं लागतं. तिच्या जवळच फुप्फुसाचं आवरण असतं, त्याला भोक पडलं तर छातीत हवा शिरते. म्हणून नंतर छातीचा एक्स-रे काढतात. नव्या मॉडेलमध्ये ही वायरच नाही.

खरा प्रश्न कफचा. जीभ पुढे ढकलणाऱ्या बारीक फांद्यांना वेढून तो बसलेला असतो. काही महिन्यांत शरीर त्याच्याभोवती चिवट पापुद्रा तयार करतं आणि त्यात कफ, नस आणि नसेच्या कडेने जाणाऱ्या नाजूक शिरा एकमेकांना चिकटतात. कफची वायर पक्क्या टाक्यांनी हनुवटीखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूच्या कंडरेला बांधलेली असते. सर्जन तिथून सुरुवात करतो, वायरीचा माग काढत पुढे जातो, पापुद्रा कफच्या बाहेरच्या बाजूने उघडतो, कफची घडी उलगडतो आणि मगच तो नसेवरून उचलतो. वायर ओढून कफ काढायचा नाही, कधीच नाही. जिभेत सुईचे इलेक्ट्रोड लावून नसेवर लक्ष ठेवतात. त्यासाठी भूल देताना स्नायू सैल करणारं दीर्घकाळ टिकणारं औषध टाळावं लागतं, नाहीतर जीभ प्रतिसादच देत नाही. एवढं करूनही नस दुखावली तर जीभ बाहेर काढताना त्या बाजूला वळते, उच्चार अडखळतात, घास तोंडात फिरवणं जड जातं.

म्हणून काढण्याचं कारण काय, यावर सगळं ठरतं. जंतुसंसर्ग असेल तर तुमचंच बरोबर: सगळं बाहेर. सिलिकॉनवर जंतूंचा थर बसला की अँटिबायोटिक तिथे पुरं पडत नाही, आणि मागे राहिलेला तुकडा संसर्ग पुन्हा उफाळून आणतो. एमआरआयसाठी काढत असाल तरीही अर्धवट काढून उपयोग नाही. उत्पादकाच्या एमआरआयच्या अटी पूर्ण जोडलेल्या यंत्रणेसाठी असतात, तुटक्या वायरीसाठी नाहीत. अशी वायर स्कॅनरमध्ये तापू शकते. पण संसर्ग नाही, एमआरआयची निकड नाही आणि कफ नसेला घट्ट चिकटलाय, अशा वेळी वायर कफजवळ कापून थांबणं हाच शहाणपणाचा निर्णय आहे. धडधाकट नस पणाला लावून सिलिकॉनचा एवढासा तुकडा मिळवण्यात रुग्णाचा काय फायदा?

बंद करून ठेवण्याबद्दल. फक्त फायदा होत नाही किंवा झटका टोचतो, एवढीच तक्रार असेल तर शस्त्रक्रियेचा विचारही आधी नको. व्होल्टेज आणि इलेक्ट्रोडची जुळणी बदलून, झोपेची तपासणी करत सेटिंग पुन्हा लावून बघतात. त्यानेही भागलं नाही तर बंद ठेवणं चालतं. मात्र डब्यावरची त्वचा लाल, गरम किंवा पातळ होत असेल, पू येत असेल, तर नुसतं बंद करून भागत नाही.

शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रात दोन्ही शक्यता लिहून घ्या: कफ निघाला तर काय, नाही निघाला तर काय. नंतरच्या कागदात आत काय उरलं आणि मॉडेल क्रमांक काय, हे स्पष्ट हवं. पुढे कुठल्याही एमआरआयआधी तो कागद दाखवावा लागतो. आणि ज्यांना सीपॅप (झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारं यंत्र) थोडाही सोसतो, त्यांनी तो आधीच तयार ठेवावा. उपकरण गेलं की त्याच रात्री श्वास पुन्हा अडायला लागतो, त्यात भुलीचा आणि वेदनाशामकांचा अंमल असतो, म्हणून ती पहिली रात्र देखरेखीखालीच काढायला हवी.